जयपूर (तटबंदीचे शहर)

जयपूरचे तटबंदीचे शहर हा राजस्थानची राजधानी असलेल्या जयपूरचा मूळ, नियोजनपूर्वक वसवलेला भाग आहे. स्थानिक लोक त्याला ‘परकोटा’ म्हणतात. आमेरचे कछवाहा राजे सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी या शहराची पायाभरणी केली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, त्यांच्या छेदांवरील चौक, एकसारख्या दर्शनी भागांची दुकाने आणि व्यवसायानुसार वसलेल्या गल्ल्या ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. जुलै २०१९ मध्ये युनेस्कोने या शहराचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. अहमदाबादनंतर (२०१७) हा मान मिळवणारे ते भारतातील दुसरे शहर होय. किल्ले किंवा मंदिरसमूह या स्वरूपाच्या वारसास्थळांहून जयपूर वेगळे आहे. येथील वारसा एखाद्या वास्तूपुरता मर्यादित नसून रस्ते, चौक आणि बाजार यांच्या अद्याप वापरात असलेल्या मांडणीत सामावलेला आहे.

पार्श्वभूमी

कछवाहा घराण्याची राजधानी आमेर ही जयपूरच्या उत्तरेस सुमारे ११ किलोमीटर अंतरावर, अरवलीच्या अरुंद खोऱ्यात आहे. संरक्षणाच्या दृष्टीने ही जागा सोयीची होती, परंतु वाढत्या लोकवस्तीला आणि व्यापाराला तेथे पुरेशी जागा नव्हती, तसेच पाण्याचीही टंचाई होती. त्यामुळे डोंगराच्या दक्षिणेकडील सपाट मैदानात नवे शहर वसवण्याचा निर्णय जयसिंहांनी घेतला. या मैदानात त्यांची ‘जय निवास’ ही बाग होती. पुढे शहराच्या मध्यवर्ती भागाची आखणी या बागेच्या आधारानेच झाली.

सवाई जयसिंह (१६८८–१७४३) हे मोगल साम्राज्याचे मातब्बर सरदार होते. शिवाजी महाराजांशी १६६५ मध्ये पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंह हे त्यांचे पूर्वज. सवाई जयसिंह स्वतः तरुणपणी औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेत होते आणि १७०२ मधील खेळणा (विशाळगड) किल्ल्याच्या वेढ्यात त्यांनी भाग घेतला होता. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर केंद्रीय सत्ता क्षीण होत गेली आणि प्रादेशिक सत्तांना स्वतःचे स्थान भक्कम करण्याची संधी मिळाली. जयपूरची स्थापना याच काळातील आहे. डोंगरावरील गड सोडून मैदानात बाजारपेठांचे शहर उभारण्यामागे युद्धापेक्षा व्यापाराला दिलेले महत्त्व दिसून येते. दिल्ली, आग्रा, अजमेर आणि गुजरात यांना जोडणाऱ्या मार्गांच्या सान्निध्यामुळे ही जागा व्यापाराला अनुकूल होती.

जयसिंहांना गणित आणि खगोलशास्त्र यांची विशेष आवड होती. त्यांच्या आश्रयाला असलेले महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडच्या भूमितीचे ‘रेखागणित’ या नावाने, तर टॉलेमीच्या ग्रंथाचे ‘सम्राट सिद्धान्त’ या नावाने अरबीच्या आधारे संस्कृत रूपांतर केले.

विद्याधर भट्टाचार्य

शहराच्या आखणीचे श्रेय परंपरेने विद्याधर भट्टाचार्य (चक्रवर्ती) या बंगाली ब्राह्मण अधिकाऱ्याला दिले जाते. त्यांचे घराणे बंगालमधून आमेरला येऊन स्थायिक झाले होते. विद्याधर हे राज्याच्या महसूल विभागात हिशेबाचे काम पाहत. पुढे ते ‘देश दिवाण’ या पदापर्यंत पोहोचले. शहराच्या पूर्वेकडील घाटातील ‘विद्याधर बाग’ त्यांच्या नावाने ओळखली जाते. महसुलाची जाण असलेल्या अधिकाऱ्याकडे नगररचनेचे काम असणे हे त्या काळच्या व्यवहाराशी सुसंगत होते, कारण जमिनीची मोजणी, भूखंडांचे वाटप आणि करांची आकारणी ही कामे परस्परांशी निगडित होती.

नगररचना

मुख्य रस्ते व चौपडी

शहराचा कणा म्हणजे पश्चिमेकडील चांदपोल ते पूर्वेकडील सूरजपोल हा सरळ रस्ता. त्याची लांबी तीन किलोमीटरहून अधिक आहे. हा रस्ता मैदानातील एका नैसर्गिक उंचवट्यावरून नेलेला असल्याने पावसाचे पाणी त्याच्या दोन्ही बाजूंना वाहून जाते. उंचवट्याची दिशा पूर्व-पश्चिम रेषेशी तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे संपूर्ण शहराची आखणी मुख्य दिशांच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी कललेली आहे.

या कण्याला उत्तर-दक्षिण रस्ते तीन ठिकाणी छेदतात. छेदांवरील प्रशस्त चौरस चौकांना ‘चौपड’ म्हणतात. सोंगट्यांच्या फुलीच्या आकाराच्या पटावरून हे नाव पडले. पश्चिमेकडून पूर्वेकडे छोटी चौपड, बडी चौपड आणि रामगंज चौपड असा त्यांचा क्रम आहे. चौपडी या बाजाराच्या, उत्सवांच्या आणि मिरवणुकांच्या जागा होत्या. तीज व गणगौर या सणांच्या मिरवणुका आजही तटबंदीच्या आतील मुख्य बाजारांतून निघतात.

रस्त्यांच्या रुंदीची श्रेणी ठरवून दिलेली होती. मुख्य रस्ते सुमारे १०८ फूट, दुय्यम रस्ते त्याच्या निम्मे म्हणजे ५४ फूट, वस्तीतील रस्ते २७ फूट आणि गल्ल्या साडेतेरा फूट रुंद असे हे प्रमाण सांगितले जाते. अठराव्या शतकात १०८ फूट रुंदीचे सरळ बाजाररस्ते ही भारतात दुर्मीळ बाब होती. हत्ती, उंट, बैलगाड्या आणि राजाची मिरवणूक यांना सामावून घेऊनही दुकानांपुढे ग्राहकांसाठी जागा उरत असे.

चौकड्या

मुख्य रस्त्यांमुळे शहराचे जे आयताकृती विभाग झाले त्यांना ‘चौकडी’ म्हणतात. त्यांची नावे व स्थाने पुढीलप्रमाणे आहेत :

• चौकडी सरहद – मध्यभागी. राजवाडा, जंतर मंतर, गोविंददेव मंदिर आणि जय निवास बाग.
• पुरानी बस्ती – राजवाड्याच्या पश्चिमेस, छोट्या चौपडीच्या उत्तरेकडे.
• रामचंद्रजी – राजवाड्याच्या पूर्वेस.
• गंगापोल – ईशान्येस.
• तोपखाना देश – नैर्ऋत्येस, किशनपोल बाजाराच्या पश्चिमेला.
• मोदीखाना – किशनपोल बाजार व चौडा रास्ता यांच्या दरम्यान.
• विश्वेश्वरजी – चौडा रास्ता व जौहरी बाजार यांच्या दरम्यान.
• घाट दरवाजा – जौहरी बाजाराच्या पूर्वेस.
• तोपखाना हुजूरी – आग्नेयेस.

प्रत्येक चौकडीत आतील रस्त्यांनी मोहल्ले पाडलेले आहेत. मोहल्ल्यांत मोकळ्या चौकाभोवती बांधलेल्या हवेल्या असत. बाहेरील मुख्य रस्त्यांची शिस्त राज्याने सांभाळली, परंतु चौकडीच्या आतील बांधकामात रहिवाशांना बरीच मोकळीक होती. म्हणूनच नकाशात ताठ दिसणारी चौकट आतील गल्ल्यांमध्ये सैल होत जाते.

नऊ चौरसांचा प्रश्न

जयपूरचा आराखडा वास्तुशास्त्रातील नऊ चौरसांच्या मंडलावर आधारलेला असून नऊ चौरस नवग्रहांचे प्रतीक आहेत, असे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. वायव्येकडे नाहरगडाचा डोंगर आल्याने तेथील चौरस पूर्ण होऊ शकला नाही आणि त्याची भरपाई पूर्वेकडे एक विभाग वाढवून करण्यात आली, असे या मताचे समर्थक मानतात.

विभुती सचदेव आणि जाइल्स टिलॉटसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी या स्पष्टीकरणावर आक्षेप घेतले आहेत. त्यांच्या मते शहराचे विभाग समान चौरस नाहीत आणि आराखडा शिल्पग्रंथांतील ‘प्रस्तर’ या नगरप्रकाराशी अधिक जुळतो. शास्त्राने दिलेला नमुना आणि प्रत्यक्ष जमिनीचा उतार, डोंगर, बाग व पाणी यांचा मेळ घालून आखणी झाली, असा या मताचा आशय आहे. जागतिक वारसा स्थळाच्या मांडणीतही प्रस्तर प्रकाराचा उल्लेख आहे. प्रतीकात्मक अर्थ कोणताही लावला, तरी उंचवट्यावरील मुख्य रस्ता आणि डोंगरापाशी थांबलेली चौकट यांवरून आखणी करणाऱ्यांनी भूप्रदेशाचा बारकाईने विचार केला होता हे स्पष्ट होते.

तटबंदी व दरवाजे

शहराभोवती सुमारे ६ मीटर उंच व ३ मीटर जाड तट बांधण्यात आला. पूर्वेस सूरजपोल आणि पश्चिमेस चांदपोल हे मुख्य दरवाजे आहेत. दक्षिणेकडे अजमेरी दरवाजा (किशनपोल), सांगानेरी दरवाजा (शिवपोल) आणि घाट दरवाजा (रामपोल), तर उत्तरेकडे जोरावरसिंह दरवाजा (ध्रुवपोल) आणि गंगापोल आहेत. चौड्या रास्त्याच्या दक्षिण टोकाचा ‘न्यू गेट’ (मानपोल) नंतरच्या काळातील आहे. उत्तरेकडील डोंगरावर १७३४ मध्ये नाहरगड बांधण्यात आला. त्यामुळे शहराच्या संरक्षणाची मुख्य भिस्त तटापेक्षा डोंगरावरील किल्ल्यांवर राहिली.

पाणीपुरवठा

कोरड्या प्रदेशात मोठे शहर वसवताना पाण्याची सोय हा कळीचा प्रश्न होता. पश्चिमेकडील द्रव्यवती नदीचे पाणी कालव्याने शहरात आणून मुख्य रस्त्यांखालील बांधीव मार्गांतून खेळवण्यात आले. चौपडींवर पायऱ्या असलेली कुंडे होती आणि त्यांतून नागरिक पाणी भरत. नळाचे पाणी आल्यानंतर ही व्यवस्था निरुपयोगी ठरून बुजवली गेली. एकविसाव्या शतकात मेट्रोच्या भुयारी मार्गासाठी चौपडींवर खोदकाम सुरू झाले तेव्हा या कुंडांचे अवशेष पुन्हा उजेडात आले.

बाजार आणि कारागीर

नव्या शहरात वस्ती व्हावी म्हणून जयसिंहांनी उत्तर भारतातील व्यापारी, सराफ आणि कारागीर यांना निमंत्रणे पाठवली. त्यांना जमीन आणि करांत सवलती देण्यात आल्या. मुख्य बाजारांतील दुकानांचे दर्शनी भाग राज्याच्या देखरेखीखाली एकाच धर्तीवर उभारले गेले आणि मागील जागेत मालकांनी आपापल्या गरजेप्रमाणे बांधकाम केले. दुकानांची उंची, रुंदी आणि कमानी यांत त्यामुळे सलगता आली. दुकानांपुढील पडव्या ही नंतरच्या काळातील भर आहे.

बाजारातील मंदिरांची मांडणीही वैशिष्ट्यपूर्ण आहे. अनेक मंदिरे रस्त्यालगत पहिल्या मजल्यावर असून रस्त्यावरून थेट पायऱ्या चढून तेथे जाता येते. खाली दुकानांची रांग अखंड राहते. देवस्थान आणि बाजार यांना एकाच इमारतीत जागा देणारी ही रचना बडी चौपड व छोटी चौपड यांच्या परिसरात ठळकपणे दिसते.

गल्ल्यांची नावे त्यांतील व्यवसायांची नोंद जपून आहेत. जौहरी बाजारात रत्ने व दागिने, मनिहारों का रास्ता येथे लाखेच्या बांगड्या, ठठेरों का रास्ता येथे तांब्यापितळेची भांडी आणि खजानेवालों का रास्ता येथे संगमरवरी मूर्ती अशी ही विभागणी आहे. यांपैकी बरेच व्यवसाय मूळ जागी टिकून आहेत. हस्तकला व लोककला या क्षेत्रांसाठी २०१५ मध्ये युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात जयपूरची निवड झाली.

प्रमुख वास्तू

सिटी पॅलेस : चौकडी सरहदमधील हा राजवाडासमूह आहे. त्यातील सात मजली चंद्रमहाल हे राजघराण्याचे निवासस्थान. चंद्रमहालासमोर उत्तरेस जय निवास बाग व तीत गोविंददेवांचे मंदिर आहे. मंदिरातील मूर्ती मूळची वृंदावनातील आहे. दक्षिणेकडे त्रिपोलिया दरवाजा असून त्याच्यासमोरून चौडा रास्ता निघतो.

जंतर मंतर : जयसिंहांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व वाराणसी येथे वेधशाळा उभारल्या. त्यांपैकी मथुरेची आता अस्तित्वात नाही. जयपूरची वेधशाळा सर्वांत मोठी असून तीत दगडी बांधकामाची १९ प्रमुख यंत्रे आहेत. सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र ही मोठी छायाघडी आहे. ही वेधशाळा २०१० पासून स्वतंत्रपणे जागतिक वारसा यादीत आहे.

ईसरलाट (सरगासूली) : त्रिपोलिया बाजारालगतचा उंच मनोरा. सवाई ईश्वरीसिंह यांनी विजयाची स्मृती म्हणून तो १७४९ च्या सुमारास उभारला.

हवामहल : सवाई प्रतापसिंह यांनी १७९९ मध्ये बांधलेली पाच मजली वास्तू. रचनाकार लालचंद उस्ताद. तिच्यात ९५३ लहान खिडक्या असल्याचे सांगितले जाते. राजवाड्यातील स्त्रियांना पडद्याआडून बाजार आणि मिरवणुका पाहता याव्यात हा तिचा उद्देश होता. तिचे मुख हमरस्त्याकडे असून आतील प्रवेश मागील बाजूने आहे.

मराठ्यांशी संबंध

माळव्याचे सुभेदार या नात्याने जयसिंहांचा मराठ्यांशी वारंवार संबंध आला. संघर्षापेक्षा वाटाघाटींकडे त्यांचा कल होता. थोरले बाजीराव पेशवे यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेकडील तीर्थयात्रेस गेल्या असता जयपूर दरबाराने त्यांचे आदरातिथ्य केले. १७३६ मध्ये किशनगडच्या परिसरात बाजीराव व जयसिंह यांची भेट झाली.

जयसिंहांच्या मृत्यूनंतर ईश्वरीसिंह व माधोसिंह या त्यांच्या पुत्रांमध्ये गादीसाठी तंटा झाला आणि त्यात मराठी फौजांनी हस्तक्षेप केला. खंडणीच्या तगाद्याने आणि मल्हारराव होळकरांच्या चालून येण्याने हतबल होऊन ईश्वरीसिंहांनी डिसेंबर १७५० मध्ये आत्महत्या केली. माधोसिंह गादीवर आले. त्यानंतर १० जानेवारी १७५१ रोजी शहरात भीषण घटना घडली. नवे शहर, त्यातील मंदिरे व बाजार पाहण्यासाठी छावणीतून बरेच मराठे आत आले होते. वेशीचे दरवाजे बंद करण्यात आले आणि नागरिकांनी व सैनिकांनी त्यांच्यावर हल्ला चढवला. त्यात मोठ्या संख्येने मराठे मारले गेले. पाहुण्यांना आकर्षित करणारी सरळ, उघडी रस्तेरचना दरवाजे मिटताच कोंडी ठरली. या हत्याकांडाने दोन्ही सत्तांमधील कटुता वाढली. पुढे १७८७ मध्ये तुंगा येथे महादजी शिंदे यांची जयपूर व जोधपूरच्या संयुक्त फौजांशी लढाई झाली.

एकोणिसावे व विसावे शतक

जयपूर संस्थानाने १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. सवाई रामसिंह (दुसरे) यांच्या कारकिर्दीत शहरात गॅसचे दिवे, नळाचे पाणी, शाळा आणि कलाशाळा आल्या. तटाबाहेर दक्षिणेस रामनिवास बाग तयार झाली. तेथील अल्बर्ट हॉल या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स अल्बर्ट एडवर्ड यांच्या हस्ते बसवण्यात आली. स्विंटन जेकब यांच्या देखरेखीखाली बांधलेले हे संग्रहालय १८८७ मध्ये खुले झाले.

गुलाबी रंग

‘गुलाबी शहर’ ही जयपूरची ओळख मूळ आराखड्याचा भाग नाही. शहरातील बहुतेक बांधकाम ओबडधोबड दगड व चुन्याच्या गिलाव्याचे आहे. १८७६ मधील शाही भेटीच्या निमित्ताने रामसिंहांनी मुख्य बाजारांना गेरूमिश्रित गुलाबी रंग दिला, असे सामान्यतः मानले जाते. मोगल वास्तूंतील लाल वालुकाश्माचा आभास या रंगामुळे निर्माण होतो. पुढे तो नियमाने बंधनकारक झाला.

तटाबाहेरील विस्तार

दिवाण मिर्झा इस्माईल यांनी १९४० च्या दशकात बाजारांची डागडुजी केली आणि तटाबाहेर नव्या वसाहतींच्या योजना आखल्या. सी-स्कीम हे आजचे नाव त्याच योजनांचे स्मरण देते. तटाच्या दक्षिणेकडील प्रमुख रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. ३० मार्च १९४९ रोजी राजस्थान राज्याचे उद्घाटन जयपुरात झाले आणि हे शहर राजधानी बनले. त्यानंतर लोकसंख्या झपाट्याने वाढली. २०११ च्या जनगणनेनुसार ती सुमारे ३०.४६ लाख होती. त्यातील बहुसंख्य वस्ती तटाबाहेर आहे. १३ मे २००८ रोजी जुन्या शहरातील गजबजलेल्या बाजारांत व मंदिर परिसरात झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत ६० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

जागतिक वारसा दर्जा

अझरबैजानमधील बाकू येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४३ व्या अधिवेशनात ६ जुलै २०१९ रोजी ‘जयपूर शहर, राजस्थान’ या नावाने या स्थळाची नोंद झाली. त्याचे क्षेत्र सुमारे ७१० हेक्टर आहे. नोंद दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या निकषांखाली आहे. प्राचीन भारतीय, मोगल व पाश्चात्त्य नगरकल्पनांचा मेळ, व्यापारी राजधानीचा नियोजित नमुना आणि जिवंत कारागिरीची परंपरा यांचा त्यात विचार झाला आहे. आमेरचा किल्लाही ‘राजस्थानचे डोंगरी किल्ले’ या गटातून २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

संवर्धन

जयपूरच्या जुन्या शहरातील संवर्धनाचे प्रश्न एखाद्या संरक्षित स्मारकाहून वेगळे आहेत. येथील बहुतेक इमारती खाजगी मालकीच्या असून त्यांत लोक राहतात आणि व्यवसाय करतात. हवेल्यांचे गोदामांत व व्यापारी संकुलांत रूपांतर होणे, गच्चीवर मजले चढणे, पडव्यांवरील अतिक्रमण, वाहनांची कोंडी आणि लटकणाऱ्या तारा या प्रमुख समस्या आहेत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पडव्या मोकळ्या करण्यासाठी मोठी मोहीम राबवण्यात आली.

मेट्रोच्या चांदपोल ते बडी चौपड या भुयारी टप्प्यामुळेही वाद झाला. हा मार्ग शहराच्या ऐतिहासिक कण्याखालूनच जातो. लगतच्या इमारतींच्या सुरक्षिततेबद्दल आणि चौपडींच्या स्वरूपाबद्दल वारसातज्ज्ञांनी चिंता व्यक्त केली होती. दुसरीकडे, वाहनांचा भार कमी झाल्याशिवाय बाजाररस्ते टिकणार नाहीत असा प्रकल्पाच्या बाजूने युक्तिवाद होता. हा टप्पा सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाला.

कारागीर व रहिवासी यांचे स्थलांतर हा त्याहून मूलगामी प्रश्न मानला जातो. दर्शनी भागांची रंगरंगोटी सरकारी खर्चाने होऊ शकते, परंतु गल्लीतील व्यवसाय संपला तर तिचे नाव तेवढे उरते. ज्या निकषांवर शहराला दर्जा मिळाला, त्यांत जिवंत कारागिरीचा समावेश असल्याने वस्ती व व्यवसाय टिकवणे हा संवर्धनाचाच भाग ठरतो.

प्रभाव

भारतीय नगररचनेच्या अभ्यासात जयपूरचे उदाहरण नेहमी दिले जाते. नवी मुंबईच्या नियोजनाशी निगडित असलेले वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी जयपूरमधील जवाहर कला केंद्राची रचना नऊ चौरसांवर केली. मूळ शहराच्या आराखड्याची आठवण म्हणून त्यातील एक चौरस जागेवरून हलवलेला आहे. तेथून मुख्य प्रवेश होतो.